फ्यूजच्या जागी तार

एकदा एक शिष्य जड ॲम्प्लिफायर छातीशी कवटाळून आपल्या वृद्ध गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. गुरूंची हयात ध्वनियंत्रे घडवण्यात गेलेली. मुकुल त्यांच्याकडे तीच विद्या शिकत होता. आज मात्र त्याला काही शिकायचे नव्हते.

"अण्णा, फ्यूज टिकतच नाही. बसवला की उडतो! आता त्याच्या जागी जाड तारच घालतो. तेवढी तार द्या, मी निघतो."

घरी अंथरुणाला खिळलेले वडील वाट पाहत होते. आईचे वर्षश्राद्ध होते आणि तिने गायलेल्या भूपाळीची कॅसेट त्यांना ऐकायची होती. सकाळपासून ते एकच विचारत होते, "लागलं का रे?"

गुरूंनी तार दिली नाही. यंत्रात नवा फ्यूज बसवला, मग होल्डर ठोकलेली एक फळी काढून तिच्यात शंभर वॉटचा पिवळा दिवा लावला आणि यंत्राची वीज त्या दिव्यातून जाईल अशी जोडणी केली. मुकुल येरझाऱ्या घालू लागला.

"अण्णा, मला आवाज हवाय, उजेड नव्हे!"

गुरूंनी बटण दाबले. स्पीकर मुका राहिला; दिवा मात्र लख्ख पेटला आणि तसाच पेटत राहिला.

येरझाऱ्या घालणारा मुकुल थबकला. यंत्र निर्दोष असते, तर दिवा क्षणभर उजळून मंदावला असता, एवढे तो शिकला होता.

"आत शॉर्ट सर्किट आहे," तो पुटपुटला.

गुरूंनी वीज बंद केली. "फ्यूज जळून जळून तुला हेच सांगत होता, आणि तू त्यालाच हाकलायला निघालास. दिव्याने वीज रोखली, म्हणून नुसता उजेड पडला. तुझ्या तारेने ती रोखली नसती. यंत्र तापून पेटले असते. कुठे ठेवणार होतास ते?"

"बाबांच्या उशाशी."



"घाईने बिघाड जात नाही, बाळा. बिघाडाची सूचना तेवढी बंद होते. यंत्र राहू दे इथे. उद्या उघडू."

मुकुल रिकाम्या हातांनी घरी परतला. "आज नाही, बाबा. धोका होता."

वडिलांनी मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुला येते ना ती भूपाळी? म्हण."

तो अडखळत गाऊ लागला. दुसऱ्याच ओळीला वडिलांनी त्याला थांबवले.

"इथे ती जरा रेंगाळायची. घाई नको करूस."