हातभर कमी पडलेला दोर

आमच्या चर्चला घंटा नव्हती आणि विहिरीला कठडा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात लाजरआबा दोर वळायचा. असं म्हणतात, त्याच्या दोराला धरून हत्तीही विहिरीतून वर आला असता. हत्ती कुणी पाहिला नव्हता, पण दोर सगळ्यांनी पाहिला होता.

रविवारी उपासना संपली की पोरं आबाभोवती जमायची. आबा प्रत्येकाला मूठभर वाख द्यायचा, म्हणजे अंबाडीचे धागे, आणि एका दाराचं नाव सांगायचा. त्या दारी जायचं, दुःखातल्या माणसाजवळ बसायचं, त्याची घागर भरून द्यायची, धीराचा शब्द बोलायचा. मग परत येऊन आपली मूठ दोरात वळायची.

"प्रभूनं प्रीती करायला सांगितली," आबा म्हणायचा, "ती बसल्या जागी होत नाही. चालत जावं लागतं."

एका वर्षी महामारी आली. हन्नाबाईचे दोन्ही मुलगे एकाच आठवड्यात गेले. तिनं दार लावून घेतलं. कुणी आलं की शिव्या द्यायची.

"हन्नाच्या दारी कोण गेलं?" आबानं विचारलं.

"ती अंगावर पाणी फेकते, आबा," योना म्हणाला.

"बरंच झालं. तुझी आंघोळ होईल. किती दिवस झाले?"

पोरं हसली. पण गेलं कुणीच नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही.

आबा हट्टी. न केलेल्या प्रीतीचा वाख मी दोरात घालणार नाही, म्हणाला, आणि हन्नाच्या नावाची मूठ त्यानं पागोट्यात खोचून ठेवली. पोरं कधी शिकतात याची वाट बघत बसला. स्वतः मात्र गेला नाही. गोष्टीत इथं आली की आमच्याकडची म्हातारी माणसं आवाज खाली आणतात.

चैत्रात, भर दुपारी, हन्नाबाई विहिरीत गेली. पडली की उडी टाकली, ते कुणी बोलत नाही. पाणी पार तळाला गेलं होतं. खाली एका कपारीला धरून ती लटकत होती. आबाचा दोर सोडला. तो हातभर कमी पडला.

आबानं कपाळ बडवून घेतलं. "तो हात मीच कमी ठेवला रे!" त्यानं पागोटं सोडून वाख काढला. पोरं रडत रडत वळायला लागली. पीळ देता देता एकेक जण खाली ओरडत होता, "मावशी, दम धर! आम्ही आलो!" असं म्हणतात, ती मूठ सरेचना. वळत गेली, वाढत गेली, आणि दोर हन्नाबाईच्या हातात पोचला.

ती वर आली. आबा मात्र ओढता ओढता खाली बसला, तो उठलाच नाही. हन्नाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "मी यायला पाहिजे होतं, बाई," एवढंच बोलला आणि गेला.

तेव्हापासून आमच्या गावात मयताच्या घरी तिसऱ्या दिवशी पोरं वाख घेऊन येतात. हाकललं तरी जात नाहीत. अंगणात बसून आबाच्या नावानं दोर वळतात. तो हातभर कमी ठेवतात आणि शेवटची मूठ घरच्या माणसाला देतात. त्याला वाटेल तेव्हा त्यानं वळायची.

परवा ती पोरं आमच्या अंगणात आली. माझा थोरला भाऊ गेला त्याचा तिसरा दिवस. मी तांब्या उचलला आणि सगळं पाणी त्यांच्यावर फेकलं. सगळ्यांत धाकटी पोरगी तोंड पुसत म्हणाली, "दादा, माझी आंघोळ सकाळीच झाली होती." आणि तिथंच बसली.

दोर अंगणात आहे. वाख माझ्या उशाशी आहे, अजून ओला. पोरं रोज येतात, दोराकडे बघतात, घागर भरून ठेवतात आणि जातात. मूठ कधी वळणार, असं एकानंही विचारलेलं नाही.