गोजराबाईचा माग

सरदार हणगोजीरावांना दुपारची झोप फार प्यारी आणि गढीला लागूनच गोजराबाई साळिणीचा माग. धोटा धावू लागला की खटक्-खट, खटक्-खट! एकदा सरदार असे वैतागले की त्यांनी मागच उचलून कोठीत डांबला. अर्धं विणलेलं लुगडं ताण्याबाण्यासकट कैदेत पडलं आणि गोजराबाईची चूल थंडावली.

पुढं सरदारांना नातू झाला. आनंदाच्या भरात त्यांनी दवंडी पिटवली, "जो जे मागेल ते देऊ!" गोजराबाई तडक सदरेवर हजर. तिला पाहताच सरदारांना घाम फुटला.

"बाई, हवं ते देतो," ते मिशी पिळत म्हणाले, "पण त्या लाकडी धुडाचं नाव तुझ्या तोंडून निघालं, तर रिकाम्या हाती जाशील!"

गोजराबाई पदर सावरून मुकाट उभी राहिली. सरदार ताटकळले.

"अगं, बोल की!"

ती बोलेना. शेवटी ते खेकसले, "माग! माग म्हणतो ना, माग!"

"तोच, सरकार!" गोजराबाईनं लवून मुजरा केला. "मी कुठं नाव घेतलं?"

सदर खो खो हसली. सरदारांनी कपाळावर हात मारून कोठीची किल्ली पुढं केली.

"ने बाई, माझ्या तोंडून आणखी काही निसटायच्या आत ने!"