दहाच्या आत

“मग हे यंत्र खोटं बोलतंय का, उस्ताद?”

रणधीरनं तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री कार्ब्युरेटरच्या जेटच्या बारीक भोकात फुंकर मारत होते. ती मारून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“खोटं कशाला बोलंल? त्याला कुणाची भीड हाय?”

मिरजेतल्या या गॅरेजात रणधीर नऊ वर्षं शिकला. उस्तादांचा सगळ्यात हुशार चेला, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. सहा वर्षांपूर्वी त्यानं बांधलेल्या एका इंजिनाला उस्ताद “अजून न्हाई” म्हणाले, तेव्हा हातातला पाना फरशीवर आपटून तो निघाला, तो थेट पुण्याला. त्यानंतर ना फोन, ना ईदला फेरी. आज सकाळी अचानक दारात उभा राहिला होता, आणि हातात काडेपेटीएवढी काळी डबी.

“ही काचेला चिकटवायची,” रणधीर म्हणाला. “उपग्रहांवरून वेग घेते. उभ्या गाडीला शंभराच्या वेगाला पोचायला किती सेकंद लागले, ते मोबाइलवर दाखवते. कंपनीवाले लाखांचं यंत्र लावतात. ही साडेचार हजारांत येते. फरक पडला तर एखाद्या दशांशाचा.”

“बरं.”

“माझ्या गाडीला तेरा सेकंद लागायचे. आता दहाच्या आत. नऊ पॉइंट सहा.”

“बरं.”

त्या ‘बरं’नं रणधीरचं डोकं फिरलं. पुण्यात गिऱ्हाइकं तोंड भरून कौतुक करायची, पण ते कौतुक काही त्याच्या अंगी लागत नव्हतं. त्याला या एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की जमलं. त्यासाठी तो पहाटेच गाडी काढून आला होता.

“तुम्ही कसं मोजायचा, सांगा की.”

“पाठीनं. शेजारी बसायचं. गाडी सुटली, की पाठ सीटला किती दाबती, ते बघायचं.”

“पाठीला दशांश कळतात?”

“न्हाई कळत. तुझं यंत्र भारी हाय.”

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच रणधीरला जास्त झोंबलं.

“चला मग. दाखवतोच.”

उस्तादांनी रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं धुतले. खुंटीवरची पांढरी टोपी घातली. बाहेर येऊन गाडीचं डावं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

आत सीट नव्हती. बोल्टांची चार भोकं आणि उघडा पत्रा.

रणधीरही चपापला.

“वजन कमी केलं, उस्ताद. मागची सीट, स्टेपनी, जॅक, खालची मॅट, सगळं काढलं. ही एकटीच चौदा किलो भरली… माझ्या लक्षातच आलं नाही.”

“किती दिस झालं?”

“आठ महिने.”

“आठ म्हैन्यांत कोन बसलं न्हाई? सूनबाई कशावर बसती?”

“उज्ज्वला माहेरी असते. गडहिंग्लजला.”

उस्तादांनी दाराच्या बिजागरीला बोट लावून बघितलं. ग्रीस वाळलं होतं.

“आधी सीट काढलीस, का आधी ती गेली?”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

“आधी सीट.”

भावाच्या साखरपुड्याला जायचं म्हणून उज्ज्वला नवी साडी नेसून खाली आली होती. तिनं दार उघडलं, आत बघितलं, दार हळूच लावलं आणि रिक्षा करून स्टँडवर गेली. रणधीरला तेव्हा तिचा रागच आला होता. किती किलो उतरले, एवढंही तिनं विचारलं नाही. साखरपुडा झाला, लग्न झालं, ती काही परत आली नाही. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याजोगं कुणी उरलंही नव्हतं.

उस्ताद आत गेले. एक गोणपाट घेऊन आले, त्याची चौघडी करून पत्र्यावर टाकली आणि त्यावर बसले. गुडघे पार हनुवटीपाशी आले. वय चौऱ्याहत्तर.

“चल.”

बंद पडलेल्या साखर कारखान्याकडे जाणारा एक सरळसोट रस्ता गावाबाहेर आहे. तिथं आता चिटपाखरूही फिरकत नाही. रणधीर तिकडं निघाला. एकेक खड्डा चुकवत, दर गतिरोधकाला उजव्या हातात स्टिअरिंग धरून डावा हात म्हाताऱ्यापुढं आडवा धरत.

“दुखतंय का?”

“तू चालीव.”

कितीतरी दिवसांनी त्याच्या शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं. रस्ता संपू नये असं त्याला वाटलं.

कारखान्याच्या फाट्यावर गाडी थांबली. पुढं दीड किलोमीटर मोकळा डांबरी रस्ता होता. रणधीरनं डबी काचेला चिकटवली आणि घुटमळला.

“उस्ताद, तुम्ही… इथं उतरता का? तुमच्या वजनानं आकडा बिघडेल.”

“उतरतो की.”

दाराला धरून, गुडघ्यावर हात ठेवून ते उतरले. कडेच्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले. डबीला उपग्रह सापडले, तिचा दिवा हिरवा झाला.

रणधीरनं क्लच सोडला.

गाडी सुटली. दुसरा गिअर, तिसरा गिअर, हात कसे चोख पडत होते. पत्रा थरथरत होता. शंभराला पोचताच मोबाइल टुणकन वाजला.

नऊ पॉइंट चार.

इतका कमी आकडा आजवर कधीच आला नव्हता! रणधीर मोठ्यानं ओरडला आणि मोबाइल पुढं करत डावीकडं वळला.

गोणपाट पडलं होतं.

त्यानं गाडी थांबवली. आरशात बघितलं. रस्ता मोकळा होता, आणि पार त्या टोकाला पांढरं काहीतरी, टोपी असावी. मोबाइलवरचा आकडा तसाच झळकत होता. रणधीरला एकदम इतकं एकटं वाटलं, की त्यानं इंजिन बंद केलं नाही. निदान तो आवाज तरी असू दे म्हणून.

थोड्या वेळानं त्यानं गाडी वळवली. सावकाश परत आला. बाभळीपाशी थांबून त्यानं मोबाइल खिडकीतून बाहेर धरला.

“नऊ पॉइंट चार, उस्ताद. बघा. आता तरी म्हणा काहीतरी.”

उस्तादांनी मोबाइलकडं बघितलं नाही. चष्मा गॅरेजातच राहिला होता. तापलेल्या बॉनेटवर त्यांनी तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“येवढ्यात गेलास व्हय माझ्यापास्नं?”

“हां. नऊ पॉइंट चार.”

“आन परत यायला?”

रणधीरनं डबीकडं बघितलं. मग मोबाइलकडं.

“ते हे मोजत नाही, उस्ताद.”

“म्या मोजलंय. सहा वर्सं.”