घुंगुरमाळेचा छकडा

गाड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. बयाजीकडे एक हलका छकडा होता. बायकोला, सगुणाला, शेजारी बसवून तो बाजाराला निघाला की बैलांच्या घुंगुरमाळा गावभर ऐकू यायच्या.

पुढे सगुणाला मुलगी झाली. मायलेकींना माहेराहून आणायला बयाजीने उंच फळ्यांचा जड खटारा घेतला. बाळाची झोपमोड नको म्हणून बैलांच्या माळाही काढून ठेवल्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस," निघताना खटारा छकड्याला म्हणाला. "लेकुरवाळ्या माणसाला माझ्यासारखाच लागतो."

ते खरंच होतं.

खटारा परतला तेव्हा पोर रडून लालबुंद झाली होती. "इतका जपून आलो," खटारा कळवळून म्हणाला, "तरी वाटभर रडली रे."

तेवढ्यात सगुणा बयाजीला म्हणाली, "माळा का काढल्या? माझ्या पोटात होती तेव्हापासून पोर तेच ऐकत आलीय."

बयाजीने माळ हलवून पाहिली. पोर गप्प झाली.

मग त्याने छकड्यावर चटईचं छत बांधलं, आत गवताची गादी केली. बाजूला लावायला मात्र काही सापडेना.

"माझ्या फळ्या काढ," खटारा म्हणाला. "मी वाहीन ते धान्य काय, पोत्यातही राहतं. पोर पडायला नको."

पुढच्या बाजाराला बयाजी छकडा अगदी हळू हाकत होता. माळा वाजत होत्या. सगुणाने पदराखाली डोकावून पाहिलं.

"झोपली," ती म्हणाली. "आता सोडा की कासरा जरा सैल."