काचेच्या कपाटातली रद्दी

वडिलांनी जन्मभर जपलेली जुनी कॉमिक्स कांचनच्या वाट्याला आली. लेकीला कानाचं यंत्र घ्यायचं होतं, म्हणून ती कॉमिक्स विकायला तिने खटावकर शेठना घरी बोलावलं. जुन्या पुस्तकांतले मोठे जाणकार ते! शेठनी पहिलंच कॉमिक दोन बोटांत अलगद धरलं, उलटून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"रद्दी आहे गं पोरी. वजन कर, किलोला वीस रुपये देतो."

कांचन म्हणाली, "बरं शेठ. तुमच्या दुकानात काचेच्या कपाटात अशीच ठेवलीत ना? मी किलोला चाळीस देते. त्यातली दोन किलो मला तोलून द्या, लेकीला वाचायला होतील."

शेठ खाकरले. मग मांडी घालून बसले आणि एकेका कॉमिकचा वेगळा भाव सांगू लागले.