पिरोश्काची खोड

"वस्ताद, हिची ही खोड मोडायची कशी, तेवढं सांगा."

यशोधन नलवड्यानं चहाला अजून हात लावला नव्हता. उन्हाचा चष्मा डोक्यावर तसाच होता.

वस्ताद दौलत शिकलगार जांभळाच्या खोडाला पाठ टेकून बसले होते. त्यांनी बशीतला चहा सावकाश संपवला, बशी पालथी घातली, मग वर बघितलं.

"कसली खोड?"

"सगळ्यांना गोळा करायची."

कोल्हापुरात कुस्तीचे वस्ताद पुष्कळ. कुत्र्यांचा वस्ताद एकच, आणि तो पन्हाळ्याच्या पायथ्याला या मळ्यात राहायचा. तरुणपणी त्यांनी लोकांची कुत्री प्रदर्शनात फिरवली, पुढं कोट घालून परीक्षक झाले, आणि देशभरातल्या कुत्र्यांच्या पाठींवरून हात फिरवून आता घरी बसले होते. यशोधन त्यांचाच पठ्ठ्या. कुत्रं उभं कसं करायचं, पट्टा कसा धरायचा, परीक्षकासमोरून पळवायचं कसं, हे सगळं तो इथंच शिकला. चांगला शिकला. एवढा की आता न विचारता दुसऱ्यांना शिकवत सुटायचा.

आणि त्याच्या पायाशी बसली होती पिरोश्का. जातीची पुली, हंगेरीची. काळी कुळकुळीत, आणि अंगभर जटा, पार जमिनीला टेकलेल्या. ती गप्प बसली की तोंड कुठल्या बाजूला नि शेपूट कुठल्या बाजूला, हे जीभ बाहेर येईपर्यंत कळायचं नाही. नलवड्यांकडं पहिल्यांदा आलेल्या एका पाहुण्यानं तिच्यावर पाय पुसले होते.

"गोळा करते म्हणजे?" वस्तादांनी विचारलं.

"सांगलीच्या प्रदर्शनात माझं नाक कापलं तिनं. पुढं अल्सेशियनवाले, मागं कोलीवाल्या बाई, सगळे रांगेत छान पळतोय. हिनं पट्ट्यातून मान काढून घेतली. मग गरागरा फिरून सगळ्यांना एका कोपऱ्यात नेऊन कोंबलं. माणसं, कुत्री, सगळी."

"परीक्षक?"

"ते पण कोपऱ्यात."

वस्तादांच्या मिशीखाली काही तरी हललं.

"हसू नका वस्ताद. लोक हसले तेवढं बस झालं. रविवारी आपल्या कोल्हापुरात प्रदर्शन आहे. तिथं पुन्हा असं झालं तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. बेंगळुरूचे एक जण हिला मागतायत. आज दुपारी त्यांचा फोन येईल. तुम्ही म्हणालात खोड मोडते, तर ठेवतो. नाही तर देऊन टाकतो."

"आणि मग?"

"व्हिज्ला आणतो. तीही हंगेरीचीच. शिकारीची जात. सांगितल्याशिवाय कान हलवत नाही."

"बरं हाय. न हलणारं कुत्रं पाहिजे तर दगडाचं बी मिळतंय."

यशोधनला ते लागलं. तो ताठ झाला.

"हिच्यात काय कमी केलं मी, वस्ताद? फणी लावायची नाही, म्हणून एकेक जट हातानं सोडवतो. आंघोळ घातली की जटा मुळापर्यंत वाळेस्तोवर पंख्यापुढं घेऊन बसतो. जातीचे सगळे नियम पाठ आहेत मला. शेपूट पाठीवर वळलेली, चाल आखूड नि उसळती, डोळे गडद तपकिरी..."

"डोळे कसे दिसले तुला?"

"जटा बाजूला करून."

"आणि त्या डोळ्यांनी ती बघत कुठं असती?"

यशोधननं पिरोश्काकडं बघितलं. जटांमागं डोळे दिसत नव्हते.

"रंग पाठ हाय," वस्ताद म्हणाले. "नजर न्हाई."

यशोधननं चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता. तरी प्याला, कारण हाताला काही तरी काम पाहिजे होतं.

"वस्ताद, खरं सांगू? तिला वळणच नाही."

"मेंढरं वळणाऱ्या जातीला वळण न्हाई म्हणतोस."

"तसं नाही..."

"राखण करायला हंगेरीत दुसरी कुत्री हायत, दांडगी, पांढरी. शिकारीला तुझी व्हिज्ला. हिच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या एकच काम केलं. कळपातलं फुटलेलं मेंढरू बघायचं आणि आत आणायचं." वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. "आण तो पट्टा."

जांभळापुढं अंगणात पांढऱ्या फक्कीनं आखलेलं रिंगण होतं. वस्तादांचा एक गुडघा कामातून गेलेला, तरी हातात पट्टा आला की त्यांची चाल बदलायची. यशोधन हे नेहमी बघायचा आणि प्रत्येक वेळी त्याला त्यांचा हेवा वाटायचा. पिरोश्का त्यांच्या डाव्या पायाशी अशी चालली की जणू जन्मली तेव्हापासून तिथंच होती. जटा एका लयीत उसळत होत्या.

लांबच्या कडेला आल्यावर तिनं ओढ घेतली.

वस्तादांनी दुसरी फेरी घेतली. त्याच जागी, त्याच बाजूला ओढ.

तिसऱ्या फेरीला ते तिथंच थांबले आणि पट्टा सैल सोडून ती ओढत होती त्या दिशेला बघत राहिले. तिकडं विहीर होती. विहिरीच्या कठड्यावर एक धिप्पाड माणूस पाठमोरा बसून पेपर वाचत होता.

"ते कोण?"

यशोधननं मान फिरवली. "दादा."

"तुझे थोरले? जयसिंगराव? मग तिकडं का बसल्यात? चहाला बोलवायचं न्हाईस?"

"तो येणार नाही. आम्ही बोलत नाही."

"कधीपासून?"

"फौंड्रीची वाटणी झाल्यापासून."

"आणि न बोलता इथवर आलात एका गाडीतनं?"

यशोधनचा चेहरा कसनुसा झाला. "ही गाडीत चढेना. सगळं करून बघितलं. शेवटी आईनं वरच्या मजल्यावर जाऊन दादाला सांगितलं. तो येऊन मागच्या सीटवर बसला, तशी ही टुणकन चढली. वाटेत चकार शब्द नाही. दोघांच्या मधे बसून ही तेवढी घोरत होती."

"घरी?"

"घरी तर विचारू नका. खाली आम्ही, वर ते. रात्री जेवायच्या वेळेला ही जिन्यात जाऊन भुंकायला लागते. दादाच्या पोटरीला ढुशा देत देत त्याला खाली आणते. मग तो आईजवळ बसतो थोडा वेळ. मी माझ्या ताटावर बसलेला असतो. तेव्हा कुठं ही जेवते. खोडच आहे, सांगतोय ना तुम्हाला."

वस्तादांनी पुन्हा विहिरीकडं बघितलं.

"सांगलीत," त्यांनी विचारलं, "जयसिंगराव आलते?"

"आईला घेऊन आला होता."

"कुठं हुते?"

"आई माझ्या बाजूला बसली होती. तो लांब, पलीकडच्या..."

यशोधन थांबला.

पलीकडच्या कोपऱ्यात, दोरीला टेकून, हाताची घडी घालून दादा उभा होता. पिरोश्कानं अख्खं रिंगण त्याच कोपऱ्यात नेऊन कोंबलं होतं. अल्सेशियन, कोली, चेन्नईचे परीक्षक, आणि सगळ्यांच्या मागून धावत आलेला यशोधन स्वतः. त्या गर्दीत त्याचा खांदा कुणाच्या तरी खांद्यावर आदळला होता, आणि कुणाच्या ते न बघताच तो पट्टा शोधत खाली वाकला होता.

...

"पट्टा काढू?" वस्तादांनी विचारलं.

"नको वस्ताद. आत्ता सगळे..."

वस्तादांनी पट्टा काढला होता.

पिरोश्का क्षणभर जागच्या जागी उभी राहिली. मग सुटली ती थेट विहिरीकडं. जयसिंगरावांच्या हातातला पेपर आधी खाली आला. ते उठले, दोन शिव्या घातल्या, डावीकडं सरकले. ती डावीकडं हजर. उजवीकडं सरकले, उजवीकडं हजर. एवढा फौंड्रीत भट्टीपुढं उभा राहणारा माणूस, पण काळ्या जटांचा तो गोळा पोटरीला ढुशा द्यायला लागला तसा मुकाट्यानं अंगण ओलांडून चालायला लागला. निम्म्या वाटेवर तिनं त्यांना सोडलं आणि गर्रकन यशोधनकडं वळली.

"पिरोश्का, बस." यशोधननं रिंगणातला खास आवाज काढला. "बस म्हणतो ना."

तिला ते ऐकू आलं असावं, पण हातात काम होतं. तिनं त्याच्या टाचेला नाक लावलं. तो मागं सरकला, अजून मागं सरकला, फक्कीची रेघ त्याच्याच बुटानं पुसली गेली. ती एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं धावत होती आणि प्रत्येक खेपेला दोघांतलं अंतर कमी होत होतं.

शेवटी यशोधनची पाठ जांभळाला लागली. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असे, जयसिंगरावही जांभळालाच टेकले. सरकायला जागा नव्हती. पुढं पिरोश्का बसली होती, जीभ बाहेर काढून, समाधानानं हाफत.

वस्ताद बाजूला उभे होते. त्यांनी मोकळा पट्टा हाताला गुंडाळून ठेवला.

...

दादाच्या शर्टाला भट्टीचा वास होता. लहानपणी यशोधन याच वासाच्या मागं मागं फिरायचा. पंचगंगेत पहिल्यांदा उतरला तेव्हा दादाच्या गळ्यात हात टाकूनच उतरला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, फार दिवसांनी बरं वाटलं.

"पेपर तिकडंच राहिला," जयसिंगराव कुणाकडंही न बघता म्हणाले.

"आणून देतो," यशोधन म्हणाला.

तो पाऊल टाकणार, तोच पिरोश्का गुरगुरली. त्यानं पाऊल मागं घेतलं. जयसिंगरावांना हसू आलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलले आणि ते हलणं यशोधनच्या खांद्याला कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. यशोधननं खिशातून काढून बघितलं. बेंगळुरू.

जयसिंगरावांनीही ते नाव वाचलं. फोन कशाचा, हे त्यांना आईकडून कळलेलं असणार. हसू गेलं. त्यांनी खाली वाकून पिरोश्काच्या डोळ्यांवरच्या जटा हलकेच बाजूला केल्या आणि नुसतं बघत राहिले.

"द्यायचीच आहे का रे?" त्यांनी विचारलं.

वाटणीनंतर दादानं त्याला विचारलेली ही पहिली गोष्ट होती. रिंगण, रविवार, पुढच्या रांगेत बसणारी माणसं, सगळं यशोधनच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि फोन हातात वाजतच राहिला.

"वस्ताद," तो शेवटी म्हणाला, "ह्यांना काय सांगू? खोड मोडली म्हणून सांगू, की मोडत नाही म्हणून सांगू?"

वस्ताद पुढं आले. दोन भावांच्या मधून हात घालून त्यांनी जांभळावर तळवा ठेवला, आणि वर, जिथं झाड दोन बाजूंना गेलं होतं तिकडं, बघितलं.

"त्यांना म्हणावं, खोड मोडलं... तर फांद्यांनी जायचं कुठं?"