गळालं ते सोडलं नव्हे

"मग दीक्षा देणार कधी, तेवढं सांगा," दिगंबरराव म्हणाले.

विचारण्याची ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन वेळा येसूबुवांनी "बघू की" म्हणून वेळ मारून नेली होती.

वेदगंगेच्या काठी आमचा मठ आहे. मठ म्हणजे काय, दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा आणि नदीत उतरणाऱ्या अकरा पायऱ्या. बुवांचं वय ऐंशीच्या पुढं. स्वयंपाकपाणी मी बघतो. माझं नाव केरबा.

दिगंबरराव सोनटक्के कराडहून आले होते. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, वय सेहेचाळीस. घरी बायको आणि बारा वर्षांची मुलगी. उपनिषदं तोंडपाठ, पहाटे चारला उठणं, जमिनीवर झोपणं, जेवणात मीठ नाही. त्या मिठापायी नऊ दिवस मला आमटीची दोन पातेली चढवावी लागत होती, आणि खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा. अळणी खाऊन माणूस मवाळ होतो म्हणतात. हे तर दिवसेंदिवस ताठ होत चालले होते.

त्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं होतं. घरी पाठवायचं पत्र. 'मी परत येणार नाही, वाट पाहू नका,' असं आत लिहिलंय, हे त्यांनीच मला सांगितलं. उद्यापासून दूध नको म्हणून गवळ्याला कळवावं, तितक्या सहज सांगितलं. दहाच्या सुमाराला पोस्टमन येतो. पाकीट त्याच्याकडं द्यायचं होतं.

बुवा उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांनी मान वर केली.

"आज देतो," ते म्हणाले.

दिगंबररावांचा चेहरा खुलला. मी मात्र दचकलो. बुवांनी आजवर भल्याभल्यांना वाटेला लावलं होतं, आणि बायकापोरं टाकून आलेल्या माणसाला ते लगेच हो म्हणत होते. खिशातलं पाकीट मला टोचायला लागलं.

"पर आमची एक रीत हाय, साहेबा," बुवा म्हणाले. "नदीत उभं ऱ्हायाचं. वंजळीत पानी घ्यायाचं. ज्ये सोडायचं त्येचं नाव घ्यायचं, आन् पानी सोडायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पर ज्ये सोडायचं त्ये आदी डोळ्याम्होरं आलं पायजे. मी इचारीन, तू सांगायचं. समदं दिसलं की सोडायचं."

दिगंबरराव ओठांतल्या ओठांत हसले. गणितात पैकीच्या पैकी घेणाऱ्याला पाढे म्हणायला सांगितल्यावर तो हसेल, तसं.

मार्गशीर्षाची सकाळ होती. पाणी बोचत होतं. धोतराचा काचा मारून ते गुडघाभर पाण्यात उतरले. बुवा शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले, त्यांच्या वरच्या पायरीवर मी.

"पयलं काय?"

"नोकरी."

"सांग."

त्यांनी सांगितलं. चौदा किलोमीटरचा एक कालवा त्यांनी बांधला होता. कुठल्या वळणावर खडक लागला, कुठला दरवाजा पहिल्या वर्षी अडायचा, सगळं त्यांना पाठ होतं. पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी ते कोरड्या कालव्यात उतरले होते. पाणी हळूहळू येत होतं, पुढं वाळका पाचोळा ढकलत. ते त्या पाण्याकडं तोंड करून उलटं चालत राहिले. शेवटचं गाव येईपर्यंत दोन किलोमीटर ते तसेच चालले. गावातली एक म्हातारी हळदकुंकू घेऊन उभी होती. ते तिला आधी कालव्यावर वाहायचं होतं, पण वाहिलं तिनं यांच्या बुटांवर.

हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. मग त्यांनी हात उघडले. पाणी एकदम पडलं.

"हां," बुवा म्हणाले. "ही गेली. असं सोडायचं."

बुवांनी मान डोलावली, म्हणजे खरंच काहीतरी झालं होतं. दिगंबररावांनाही ते कळलं. त्यांनी झटकन दुसरी ओंजळ भरली.

"घर."

घराचं त्यांनी भराभर सांगितलं. प्लॉट किती, खोल्या किती, गच्ची कशी, पाण्याची टाकी किती लिटरची.

"दारात काय हाय?"

"झाड आहे एक."

"कसलं?"

"पांढरी फुलं येतात. लांब देठाची. खाली पडतात, सकाळी गाडीवर सडा पडलेला असतो."

"बुचाचं झाड?"

"असेल..."

"वास येतोय का?"

दिगंबरराव आठवत राहिले. गाडी खराब होते म्हणून ते झाड छाटायला त्यांनी माणूस बोलावला होता, आणि बायकोनं तो दारातूनच परत पाठवला होता. एवढंच त्यांना आठवत होतं. वासाचं काही आठवेना.

"ऱ्हाऊ दे," बुवा म्हणाले. "झाड सोडू नगंस. म्होरं."

कपाळाला आठी घालून त्यांनी ती ओंजळ टाकून दिली आणि नवी भरली.

"बायको. शालन."

"शालन दुपारी काय करती?"

"दुपारी मी ऑफिसात असतो."

"सुट्टीदिवशी?"

"मी वाचत असतो. ती आत असते."

"आत काय करती?"

मला वरून दिगंबररावांचे हात दिसत होते. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले की ती काहीतरी कापत असते. घरी लग्नाच्या पत्रिका येतात ना, त्या जुन्या झाल्या की त्यांची ती पाखरं कापते. दोऱ्यात ओवून खिडकीला लावते. चाळीसपन्नास तरी असतील. पंखा लावला की सळसळतात. आपल्या अभ्यासाच्या खोलीतली ती अडगळ काढ, असं त्यांनी एकदा तिला सांगितलं होतं. तिनं काही न बोलता ती स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन बांधली.

"कंची पाखरं?"

"पाखरं म्हणजे... पाखरं."

"चिमण्या? पोपट? बगळं? समद्यांत एक तरी आठीवतंय?"

दिगंबररावांनी खाली बघितलं. ओंजळ रिकामी होती.

"गेलं," ते म्हणाले. "सुटलं बघा."

"गळालं," बुवा म्हणाले. "गळालं त्ये सोडलं न्हवं. परत घे."

आता मात्र त्यांचा पारा चढला. नऊ दिवस आवरलेला माणूस तो. ते म्हणाले, हा पोरखेळ आहे. मी ब्रह्मज्ञान मागायला आलोय, आणि तुम्ही झाडाचं नाव नि कागदाची पाखरं काय विचारत बसलात.

बुवा ऐकत होते.

"तुम्ही घर सोडलंत," दिगंबरराव म्हणाले, "तेव्हा तुम्हाला विचारले होते का कुणी असले प्रश्न?"

माझा हात डोक्याला गेला. असं बुवांना विचारायची आमची कधी छाती झाली नव्हती. तीस वर्षं मी त्यांना वाढतोय, पण ते कुठल्या गावचे, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

"न्हाई," बुवा म्हणाले. "कुनी न्हाई इचारलं."

आपण जिंकलो असं दिगंबररावांना वाटलं. त्यांचा आवाज चढला. या असल्या बारीकसारीक गोष्टींनीच तर माणूस जखडलेला असतो, ते म्हणाले. फूल, पाखरू, पोराबाळांचं हसणं. लोखंडाची बेडी दिसते तरी, ही दिसतसुद्धा नाही. हीच तर तोडायला मी आलोय.

"बेडी हाय म्हनतोस?"

"आहे."

"मग पायाला वळ कुटं हाय?"

माणूस इतका शिकलेला, पण बुवांनी विचारताच त्यानं खरोखर वाकून आपल्या पायांकडं बघितलं.

पाणी नितळ होतं. बराच वेळ ते एका जागी उभे होते, त्यामुळं बारके मासे पायांपाशी जमले होते. एकानं अंगठ्याला तोंड लावलं, मग दुसऱ्यानं, मग पाचसात एकदम घोट्याला लागले.

दिगंबरराव टुणकन उडाले आणि खदखदून हसले.

नऊ दिवसांत मी त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. एवढ्या भारदस्त माणसाचं हसणं अगदी बारक्या आवाजातलं होतं. मलाही हसू फुटलं.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"मासे," ते म्हणाले. "गुदगुल्या करतायत..."

आणि बोलता बोलता ते थांबले. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं.

"काय दिसलं?"

दिगंबरराव नदीकडं बघत राहिले. मग हळूहळू बोलले, आम्हाला नव्हे, पाण्याला सांगत असल्यासारखं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ते खोलीत पाठांतर करत बसले होते. मुलगी, मैथिली, पळत आत आली. केस भिजलेले, पायांना चिखल. दोन्ही हातांची मूठ करून तिनं ती त्यांच्या पुस्तकावर धरली. म्हणाली, "बाबा, ओळखा काय आहे. लवकर ओळखा, मला गुदगुल्या होतायत."

"मंग?"

"मी म्हटलं, नंतर. ती थोडा वेळ उभी राहिली. मूठ तशीच धरून. मग गेली."

"काय हुतं मुठीत?"

"मी विचारलंच नाही, बुवा. तिनंही परत कधी काही आणलं नाही."

एवढं बोलले आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला तो साहेब माणूस हमसाहमशी रडायला लागला. तोंड झाकायला हात वर न्यावेत, एवढंही त्यांना सुचलं नाही. माझा नऊ दिवसांचा राग तिथल्या तिथं विरघळला. मला मूलबाळ नाही, पण ती भिजलेली पोर दारात उभी असलेली मला दिसली. फार वाईट वाटलं.

बुवा उठले नाहीत. समजूत काढली नाही. त्यांचं रडणं थोडं कमी होऊ दिलं आणि मग हळूच म्हणाले,

"सोड आता. लेकीचं नाव घे. वंजळ भर."

दिगंबरराव वाकले. ओंजळ भरली. छातीपाशी आणली. ओठ हलले, पण नाव बाहेर येईना. यावेळी मात्र बोटं त्यांनी घट्ट मिटली होती. एक थेंब गळत नव्हता.

"काय सोडू, बुवा?" ते म्हणाले. "माझ्या हातात आहेच काय?"

पलीकडच्या तीरावर उसाच्या गाड्या भरत होत्या. तोडकऱ्यांच्या हाका पाण्यावरून येत होत्या. बऱ्याच वेळानं दिगंबररावांनी वाकून ओंजळ नदीला टेकवली आणि पाणी होतं तिथं परत ठेवलं. टाकलं नाही.

मग पायऱ्या चढून वर आले. धोतर निथळत होतं. माझ्यापुढं उभे राहिले आणि हात पुढं केला.

मी खिशातून पाकीट काढून दिलं. दिलं कसलं, त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी ते ओल्या कनवटीला खोचलं. शाईचं काय होईल याची त्यांनाही फिकीर नव्हती, मला तर त्याहून नव्हती. दहा वाजता पोस्टमन आला, तेव्हा त्याला मी चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवला.

दिगंबररावांनी कपडे बदलले, पिशवी भरली. जाताना माझ्यापाशी आले आणि खाली बघत म्हणाले की केरबा, थोडी आमटी असली तर द्या. मी वाढली. त्यांनी तोंडाला लावली आणि वर बघितलं. मी चुकून मिठाच्या पातेल्यातली दिली होती. म्हणजे चुकून असं आपलं म्हणायचं. त्यांनी वाटी पुसून खाल्ली, वर आणखी मागितली.

मग ते बुवांच्या पाया पडले. पाया पडून उठले, तेव्हा पाठ परत सरळ झाली होती. इंजिनिअर तो, कामाची आखणी तयारच होती. ते म्हणाले, आज सांजेपर्यंत घरी पोचतो. झाडाचा वास घेतो. एकेक पाखरू ओळखून घेतो. मैथिलीला विचारतो मुठीत काय होतं ते, आणि तिनं सांगितलं नाही तर सांगेपर्यंत थांबतो. सगळं नीट बघून, जाणून घेतो. मग येतो सोडायला. वर्षभरात नक्की येतो.

"ये," बुवा म्हणाले.

दिगंबरराव निघाले. बांधापर्यंत गेले, थांबले, आणि परत चार पावलं मागं आले.

"बुवा, एक विचारू?"

"इचार."

"आणि तेव्हा मला ते सगळं सोडवलंच नाही तर?"

बुवा नदीच्या वरच्या अंगाला बघत होते, पाणी जिकडून येतं तिकडं. इतका वेळ बघत होते, की मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नसावं...

"तर मला सांगावा धाड," बुवा म्हणाले. "मी काय सोडून आलो, त्ये बगाय येईन."